आधी पुरुष, मग बाई. पण वाडा कोणाचा?

रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्या महिला मंडळात अर्धा तास वाचनाचा असतो. कधी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधला एखादा भाग, कधी थेरींच्या गाथा, तर कधी नुसते वर्तमानपत्रातले कात्रण. परवा आम्ही जरा वेगळे धाडस केले. एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगायला घेतली. पुस्तक हातात, पण वाचायचे तर इंग्रजी, आणि समोर बसलेल्या आमच्या भगिनी म्हणजे कोणी चार घरची धुणीभांडी करून आलेली, कोणी अंगणवाडीत काम करणारी, कोणी पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेली. म्हणून वाचण्याऐवजी सांगायचे ठरवले. अर्ध्या तासाची गोष्ट तीन रविवार चालली. त्या तीन रविवारी जे प्रश्न निघाले, ते आम्हाला एकट्याने वाचताना सुचलेच नव्हते. म्हणून हा लेख.

कादंबरीचे नाव 'ऑर्लँडो'. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. ११ ऑक्टोबर १९२८ रोजी ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशक दुसरे कोणी नव्हते, व्हर्जिनिया आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी १९१७ मध्ये घरच्या घरी एक लहानसे छपाईयंत्र आणून सुरू केलेली हॉगर्थ प्रेसच होती. हे लेनर्ड वुल्फ तरुणपणी सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १९०४ ते १९११ अशी सात वर्षे सरकारी अधिकारी होते आणि तिथल्या खेड्यातल्या गरिबांवर त्यांनी एक कादंबरीही लिहिली होती. पण तो विषय वेगळा.

आता गोष्ट. एलिझाबेथ राणीच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडात एका मोठ्या सरदार घराण्यात ऑर्लँडो नावाचा सोळा वर्षांचा मुलगा आहे. देखणा, श्रीमंत, कविता करण्याचा नाद असलेला. म्हातारी राणी त्याच्यावर खूश होते आणि त्याला मानमरातब देते. पुढे जेम्स राजाच्या अमदानीत लंडनला अशी थंडी पडते की थेम्स नदी गोठून दगड होते. गोठलेल्या नदीवर जत्रा भरते, दरबार भरतो, आणि तिथे ऑर्लँडो एका रशियन राजकन्येच्या प्रेमात पडतो. ती त्याला फसवून निघून जाते. मग तो सात दिवस झोपतो. उठतो तेव्हा मन बदललेले. पुढे दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात तो राजदूत होऊन कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जातो. तिथे बंडाळी होते, आणि त्याच धामधुमीत तो पुन्हा सात दिवस झोपतो. या खेपेला उठतो तेव्हा तो बाई झालेला असतो.

बस, एवढेच. कोणी शाप दिला नाही, कोणी मंत्र टाकला नाही, शस्त्रक्रिया झाली नाही. ऑर्लँडो आरशात बघते आणि आंघोळीला जाते! लेखिका सांगते की देह बदलला, पण माणूस तोच राहिला. आठवणी त्याच, स्वभाव तोच, चेहराही जवळजवळ तोच. आणि वयाचे म्हणाल तर ऑर्लँडो मरतही नाही. साडेतीनशे वर्षांत ती फक्त सोळाची छत्तीस वर्षांची होते. अठराव्या शतकातून एकोणिसाव्यात, एकोणिसाव्यातून विसाव्यात येते, आणि गोष्ट संपते ती ११ ऑक्टोबर १९२८ च्या मध्यरात्री, म्हणजे पुस्तक ज्या दिवशी प्रसिद्ध झाले त्याच दिवशी. तेव्हा ऑर्लँडो स्वतःची मोटार चालवत असते.

सांगताना आमची एक गंमत झाली. इंग्रजीत 'तो'च्या जागी 'ती' घातले की काम भागते. मराठीत तसे नाही. इथे क्रियापदसुद्धा बाईमाणूस ओळखते. "झोपला" म्हणून सुरू केलेले वाक्य "उठली" वर संपवताना आमची जीभ अडखळली आणि सगळ्या हसल्या. आपल्या भाषेत तर स्वतःबद्दल बोलतानाही सुटका नाही. "मी गेलो" म्हणायचे की "मी गेले" हे तोंड उघडण्याआधी ठरवावे लागते. ज्या मुलामुलींच्या मनात या एका अक्षरावरून कालवाकालव होत असेल, त्यांचे दिवसातून किती वेळा काय होत असेल, हे त्या दिवशी प्रथमच आमच्या ध्यानात आले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. बाई झालेली ऑर्लँडो जहाजाने इंग्लंडला परतते. जहाजावर तिला पहिल्यांदा घेरदार झगा घालावा लागतो. नुसता घोटा दिसला तर डोलकाठीवरचा खलाशी दचकून पडता पडता वाचतो. तेव्हा तिला कळते की पुरुष असताना आपण बायकांकडून ज्या अपेक्षा करत होतो, त्या आता आपल्याला पुऱ्या कराव्या लागणार. लेखिकेने इथे कपड्यांबद्दल बरेच लिहिले आहे. आपण कपडे वापरतो असे आपल्याला वाटते, पण खरे तर कपडे आपल्याला वापरतात, आपली चाल, नजर, बोलणे घडवतात, असा तिचा एक मुद्दा आहे. हे ऐकून आमच्यातल्या एका ताईंनी लगेच महाडची आठवण काढली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितले होते की जातीची ओळख पटवणारे लुगडे नेसणे सोडा, ते जाडजूड कथलाचे आणि चांदीचे दागिने टाका, अंगभर नीट नेसा. बायकांनी दुसऱ्याच दिवशी नेसण्याची पद्धत बदलली, हे आपल्या घराघरात सांगितले जाते. आणि योगायोग पाहा. व्हर्जिनियाबाईंनी 'ऑर्लँडो' लिहायला घेतली ती ऑक्टोबर १९२७ मध्ये, आणि हाताने लिहून पुरी केली मार्च १९२८ मध्ये. म्हणजे महाडला आपल्या आज्या लुगड्याची निरी बदलत होत्या, त्याच हिवाळ्यात तिकडे ही बाई झग्याचा विचार करत होती. दोघींना एकमेकींचा पत्ताही नव्हता.

तर ऑर्लँडो लंडनला उतरते आणि उतरल्या उतरल्या कळते की आपल्यावर तीन दावे लागले आहेत. पहिला दावा असा की ती मेलेली आहे, म्हणून तिला मिळकत ठेवता येणार नाही. दुसरा असा की ती बाई आहे, आणि ते जवळजवळ मेल्यासारखेच. तिसरा असा की ती पुरुष असताना रोझिना पेपिता नावाच्या नाचणारणीशी तिने लग्न केले होते, तिला तीन मुलगे झाले, आणि बाप मेला असे सांगून ते मुलगे आता सगळी मालमत्ता मागत आहेत.

दुसऱ्या दाव्यावर आधी हशा पिकला. मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या एक आजी, ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, त्यांनी विचारले, "मग वाडा कोणाला मिळाला?"

हाच प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. आणि तो कल्पनेतला नाही. व्हर्जिनियाबाईंची एक जिवलग मैत्रीण होती, व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट. त्या स्वतः नावाजलेल्या लेखिका. त्यांच्या 'द लँड' या दीर्घ कवितेला १९२७ मध्ये हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळाले होते. दोघींचे नाते मैत्रीच्या पलीकडचे, प्रेमाचे होते, हे आता लपून राहिलेले नाही. व्हिटाबाईंच्या मुलानेच पुढे १९७३ साली आईवडिलांवर पुस्तक लिहून ते जगाला सांगितले आणि 'ऑर्लँडो'ला एक लांबलचक प्रेमपत्र म्हटले. दोघी विवाहित होत्या. व्हिटाबाई तरुणपणी पुरुषी कपडे करून, डोक्याला जखमी सैनिकासारखी पट्टी बांधून, 'ज्युलियन' या नावाने लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवर हिंडल्या होत्या. म्हणजे ऑर्लँडोचा नमुना हाडामासाचा होता. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत ऑर्लँडोची म्हणून जी छायाचित्रे छापली आहेत, त्यातली काही व्हिटाबाईंचीच आहेत.

या व्हिटाबाई जन्मल्या केंट परगण्यातल्या नोल नावाच्या वाड्यात, १८९२ साली. वाडा म्हणजे आपल्या पाटलाचा चिरेबंदी वाडा नव्हे. त्याला वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ खोल्या, आठवड्यांइतके ५२ जिने आणि वारांइतकी सात अंगणे आहेत असे सांगतात. आईबापांची ही एकुलती एक लेक. सगळे बालपण त्या वाड्यात गेले, प्रत्येक खोलीचा वास तिला ठाऊक. पण घराण्याची रीत अशी की वाडा आणि किताब फक्त पुरुषाकडे जाणार. जानेवारी १९२८ मध्ये वडील वारले. वाडा गेला काकांकडे. लेक बाहेर.

पेपिता हे नावही हवेतून आलेले नाही. व्हिटाबाईंच्या आईची आई पेपिता नावाची स्पॅनिश नर्तकी होती. आजोबांनी तिच्याशी रीतसर लग्न केलेले नव्हते. त्यांच्याच एका मुलाने आपण औरस आहोत, वाडा आपला आहे असा दावा लावला होता आणि तो १९१० मध्ये कोर्टात हरला. म्हणजे कादंबरीत जे हसण्यासारखे वाटते, ते त्या घरात रडून झालेले होते. व्हर्जिनियाबाईंनी काय केले? वडील वारले त्या महिन्यात पुस्तक अर्धेमुर्धे लिहून झाले होते. जो वाडा कायद्याने मैत्रिणीला नाकारला, तो त्यांनी तिला कागदावर देऊन टाकला. गोष्टीतला खटला शंभरावर वर्षे चालतो. शेवटी व्हिक्टोरिया राणीच्या काळात निकाल लागतो की ऑर्लँडो निःसंशय स्त्री आहे, ते तुर्कस्तानातले लग्न रद्द, ती मुले अनौरस, आणि मिळकत ऑर्लँडोची. मात्र तिच्यामागे ती तिच्या पोटच्या मुलग्याकडेच जाईल.

"म्हणजे परत मुलगाच," आजी म्हणाल्या.

मनुस्मृतीत बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचे धन नसते असा दंडक आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. इंग्लंडातही फार वेगळे नव्हते. तिथे १८८२ चा कायदा होईपर्यंत लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर हुकमत नवऱ्याची असे. मताचा हक्क १९१८ मध्ये मिळाला तोही तिशी ओलांडलेल्या आणि मिळकतीची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत मिळाले ते जुलै १९२८ मध्ये, 'ऑर्लँडो' बाहेर पडण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. आपल्याकडे बाबासाहेबांनी राज्यघटनेत पहिल्याच दिवसापासून सर्व सज्ञान स्त्री-पुरुषांना एक मत दिले. मत मिळाले, पण मिळकतीसाठी त्यांना स्वतःचे मंत्रिपद खर्ची घालावे लागले. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला, हे आपल्या सहावीतल्या मुलालाही पाठ असते. पण त्या बिलातून पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला, तो बौद्धांनाही लागू आहे, आणि बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याने स्वतः कमावलेल्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला आणि सबंध देशात २००५ मध्ये.

विचारण्याचे कारण असे की त्याच बैठकीत एका भगिनीने पिशवीतून कागद काढून दाखवला. वडिलांनी गिरणीत राबून घेतलेली दोन खोल्यांची जागा. वडील गेले, भावाने हक्कसोड पत्र तयार करून आणले. बाबासाहेबांच्या जयंतीला हाच भाऊ भाषण करतो. ती म्हणाली, "सही नाही केली तर माहेर तुटतं, केली तर वाटतं आपण कधी त्या घरात जन्मलोच नाही." आम्ही तिला काही उपदेश केला नाही. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस, आणि कागद भावाने वाचून दाखवलेला चालणार नाही, स्वतः वाच, एवढेच म्हटले. तीनशे पासष्ट खोल्या काय आणि दोन खोल्या काय, दारातून बाहेर पडताना पाय सारखाच जड होतो.

इथपर्यंत आम्ही व्हर्जिनियाबाईंच्या बाजूने बोललो. आता जे खटकले तेही सांगितले पाहिजे. कादंबरी उघडते ती कशी? माळ्यावर आढ्याला एका मूर माणसाचे कापलेले मुंडके टांगलेले आहे, ऑर्लँडोच्या बापाने की आजोबाने परमुलखात जाऊन कापून आणलेले, आणि हा सोळा वर्षांचा पोरगा तलवारीने त्याच्यावर वार करून खेळतो आहे. लेखिका सरदारांच्या पराक्रमाची टिंगल करते आहे असे विद्वान म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. पण त्या मूराला नाव नाही. साडेतीनशे वर्षांत ऑर्लँडोचे लिंग बदलते, काळ बदलतो, पोशाख बदलतो; जन्म मात्र बदलत नाही. ती सरदार ती सरदारच. तिचे नोकर ते नोकरच. बाई झाल्यामुळे तिला जे सोसावे लागले ते खरे आहे, पण वाड्यातल्या मोलकरणीला बाई असून काय सोसावे लागले हे पुस्तकात फारसे येत नाही. आपण चढत्या-उतरत्या विषमतेच्या पायऱ्यांवर वाढलेली माणसे, आपल्या नजरेला ही जागा लगेच दिसते.

तरी एक प्रसंग असा आहे की तो विसरता येत नाही. नदी गोठते तेव्हा एक म्हातारी फळवाली होडीसकट बर्फाखाली अडकते. काचेसारख्या बर्फातून ती तळाशी बसलेली दिसते, ओटीत सफरचंदे, जणू आता गिऱ्हाईक येईल. ओठ तेवढे निळे पडलेले. आणि राजा दरबाऱ्यांना घेऊन मुद्दाम ते बघायला येतो. आमच्यात एक ताई स्टेशनाबाहेर फळांची पाटी घेऊन बसतात. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी आल्या तेव्हा त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

दुसरी जागा जिप्सींची. बाई झाल्यावर ऑर्लँडो काही काळ तुर्कस्तानच्या डोंगरात या भटक्यांबरोबर राहते. शेळ्या राखते, लाकडे गोळा करते. एकदा मोठ्या तोऱ्यात सांगते, आमच्या वाड्यात ३६५ निजायच्या खोल्या आहेत, आमचे घराणे चारपाचशे वर्षांचे जुने आहे. ऐकणाऱ्यांना तिचीच लाज वाटते. ते सभ्य, म्हणून काही बोलत नाहीत. त्यांच्या लेखी चारपाचशे वर्षे म्हणजे कालपरवाचे, त्यांचे पूर्वज दोनतीन हजार वर्षांचे. आणि सरदार म्हणजे काय? तर दुसऱ्याची जमीन आणि पैसा बळकावणारा लुटारू, ज्याला इतक्या खोल्या बांधण्यापलीकडे काही सुचले नाही! हे वाचताना आम्हाला भटक्या-विमुक्त बांधवांची आठवण झाली, ज्यांना इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्या कपाळावरचा तो शिक्का स्वतंत्र भारतात १९५२ साली निघाला. जिप्सी, ज्यांना आता रोमा म्हणतात, त्यांचे पूर्वजही सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातूनच गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. म्हणजे ऑर्लँडोला वाड्याची किंमत समजावून सांगणारी माणसे आपल्याच मुलखातली निघतात. लेखिकेच्या मनात हे असेलच असे नाही. पण तिने लिहिले, आणि चोख लिहिले.

याच लेखिकेचे पुढच्या वर्षीचे, १९२९ चे, एक पुस्तक आहे. बाईला लिहायचे असेल तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत असे त्यात सांगितले आहे. कथा सांगणाऱ्या बाईला हे पाचशे पौंड मिळतात कुठून? तर तिची एक आत्या मुंबईत घोड्यावरून फेरफटका मारताना पडून मरते आणि पैसे ठेवून जाते! मुंबईत घोड्यावरून फिरणाऱ्या गोऱ्या बाईचा पैसा कोणाच्या घामाचा, हा हिशेब त्या पुस्तकात नाही. त्याच पुस्तकात ती बाई ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसते आणि बायका गरीब का, याचे उत्तर शोधते. त्याच वाचनालयात १९२० ते १९२३ या काळात आपले बाबासाहेब अर्धपोटी बसून रुपयाचा प्रश्न सोडवत होते.

तिसऱ्या रविवारी सगळ्या पांगल्यावर एक ताई मागे राहिल्या. चप्पल घालायला उगीच वेळ लावला. मग म्हणाल्या, "ती बाई होऊन घरी आली तेव्हा घरचे काय म्हणाले?"

आम्ही सांगितले. घरची जुनी कारभारीण आणि बाकीचे नोकर दारात उभे होते. कुत्री धावत आली, त्यांनी ओळखले. पाळलेल्या हरणांनी ओळखले. मालकाची मालकीण झाली याबद्दल कोणी क्षणभरही शंका घेतली नाही. रात्री चहा पिताना कारभारीण म्हणाली की पूर्वीचा मालक आणि आताची मालकीण यात डावेउजवे करण्यासारखे काही नाही, दोघे सारखेच छान.

ताई बराच वेळ जमिनीकडे बघत होत्या. "आमच्याकडे एवढं सोपं नाही गेलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरातले एक लेकरू चार वर्षांपूर्वी घर सोडून गेले आहे. ते मुलगा म्हणून जन्मले. यापुढचे इथे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

ऑर्लँडोला सोपे गेले, कारण तिच्याजवळ वाडा होता. आणि कारण ती काल्पनिक होती. त्याच वर्षी, १९२८ मध्येच, रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची कादंबरी लंडनच्या कोर्टात उभी केली गेली. बाईचे बाईवर प्रेम असते, एवढे तिने सरळ, गंभीरपणे लिहिले होते. पुस्तकात अश्लील असा शब्द नव्हता. तरी नोव्हेंबरमध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. व्हर्जिनियाबाई साक्ष द्यायला कोर्टात गेल्या होत्या, पण साक्षी घेतल्याच नाहीत. आणि त्यांचे स्वतःचे पुस्तक महिन्याभरापूर्वी दुकानात लागून धडाक्याने खपत होते! जे सरळ सांगितले ते जाळले, जे परीकथा म्हणून सांगितले ते सगळ्यांनी आवडीने वाचले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गमतीने 'चरित्र' असे लिहिल्यामुळे दुकानदारांनी आधी ते चरित्रांच्या फळीवर ठेवले होते, तेवढाच काय तो गोंधळ.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, निकाल दिला की आपण कोण, स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. तो निकाल उभा आहे तो घटनेच्या समतेच्या, भेदभावबंदीच्या आणि सन्मानाने जगण्याच्या कलमांवर. ती कलमे कोणाच्या मसुद्यातून आली हे आपल्या वस्तीत सांगायला नको.

त्या ताईंना मात्र आम्ही कोर्टाचे काही सांगितले नाही. विनयपिटकातली एक नोंद सांगितली. पाराजिकाच्या पहिल्याच भागात ती आहे. एका भिक्खूच्या देहावर स्त्रीची लक्षणे प्रकट झाली. बाकीच्यांनी तथागतांना विचारले, आता काय करायचे? निर्णय असा झाला की उपाध्याय तेच, उपसंपदा तीच, जितके वर्षावास झाले तितकेच मोजायचे, फक्त यापुढे भिक्खुणींबरोबर राहायचे. उलट बाजूने, भिक्खुणीच्या देहात पुरुषाची लक्षणे आली तरी हाच नियम. म्हणजे कमावलेले काहीही काढून घेतले नाही. संघातून घालवले नाही, पुन्हा पहिल्यापासून दीक्षा घ्यायला लावली नाही. ऑर्लँडोला लंडनच्या कोर्टाने शंभर वर्षे लटकवले, आणि संघाने तोच प्रश्न दोन ओळींत मिटवला. असे देहबदल खरोखर घडत का, हा वाद आम्ही घालत नाही. आपण चमत्कार मानणारे नव्हे. नियम काय केला, तेवढे बघण्यासारखे आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्याचीही गोष्ट आहे. सावकाराचा मुलगा. महाकच्चायन थेरांना पाहून त्याच्या मनात भलता विचार आला आणि तो स्त्री झाला. तक्षशिलेला गेला, तिथे लग्न झाले, दोन मुलगे झाले. आधी पुरुष असताना दोन मुलांचा तो बाप होताच. पुढे थेरांची क्षमा मागून पुन्हा पुरुष झाला आणि भिक्खू झाला. बाई होणे म्हणजे जणू शिक्षा, हा अट्ठकथाकाराचा सूर आम्हाला मान्य नाही. पण लोकांनी त्याला विचारलेला प्रश्न फार माणसाचा आहे. बाप म्हणून झालेली दोन आणि आई म्हणून झालेली दोन, यांतली तुझी माया कोणावर जास्त? तो म्हणाला, पोटातून आलेल्यांवर.

"खरं बोलला," ताई म्हणाल्या, आणि चप्पल घालून गेल्या.

सोमा थेरीची गोष्ट तर आपल्या बहुतेकींना माहीत आहे. श्रावस्तीजवळच्या अंधवनात ध्यानाला बसलेल्या सोमेला मार हिणवतो की ऋषींना मिळते ते स्थान दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कसे मिळणार. दोन बोटांची अक्कल म्हणजे भाताचे शीत दोन बोटांत दाबून शिजले का ते बघण्यापुरती. सोमा उलट विचारते की चित्त स्थिर असेल तर बाईपणाचा संबंधच काय? मी स्त्री, मी पुरुष, असे ज्याच्या डोक्यात घोळते त्याच्याशी जाऊन बोल, असे सांगून ती माराला वाटेला लावते. व्हर्जिनियाबाईंना ऑर्लँडोच्या तोंडून जे म्हणायचे होते त्यातले बरेचसे या भिक्खुणीने फार पूर्वी म्हणून ठेवले आहे. पण सोमेने घर सोडले होते. ऑर्लँडोला घर हवे होते. आणि ज्यांना घर हवे आहे त्यांची संख्या जास्त आहे.

राहिला आजींचा प्रश्न. खरा वाडा, नोल, काकांकडे गेला आणि पुढे १९४० च्या दशकात राष्ट्रीय वारसा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात. व्हिटाबाईंनी १९३० मध्ये नवऱ्याबरोबर सिसिंगहर्स्टला एक पडकी जुनी वास्तू घेतली आणि तिथे फुलवलेली बाग आज जगप्रसिद्ध आहे. त्या १९६२ मध्ये वारल्या. 'ऑर्लँडो'चे हस्तलिखित व्हर्जिनियाबाईंनी त्यांना भेट दिले होते. ते आता नोललाच आहे. बाई बाहेर, तिची वही आत.

"आणि गोष्टीतल्या बाईला मुलगी झाली असती तर?" आजींनी शेवटी विचारलेच.

कादंबरीत तिला मुलगाच होतो. पण १९९२ मध्ये सॅली पॉटर या दिग्दर्शिकेने त्यावर चित्रपट काढला. टिल्डा स्विंटन ही ऑर्लँडो झाली आहे. त्यात शेवट बदलला आहे. ऑर्लँडोला मुलगी होते आणि वाडा जातो. अखेरीस मायलेकी मोटारसायकलवरून येतात आणि इतर प्रवाशांबरोबर आपलाच वाडा बघत फिरतात. नंतर आई झाडाखाली बसते आणि पोरगी हातात कॅमेरा घेऊन गवतातून पळत सुटते.

आजींनी थोडा विचार केला. "पोरीला कॅमेरा कोणी घेऊन दिला?"

"आईनेच घेऊन दिला असणार."

"बरं मग," आजी म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी काय वाचणार ते विचारले.